झेनॉनचं पुढचं तोंड वर घ्यायचंय, टॉर्शन बारचा बोल्ट किती आवळू?

सड्यावरचा बागवाला (देवगड)
नमस्कार मंडळी, माझी टाटा झेनॉन पिकअप आहे, सीझनला हापूसच्या पेट्या बागेतून डांबरीपर्यंत आणि कधी थेट वाशीपर्यंत नेतो. बागेत जायचा रस्ता म्हणजे सगळा कातळ, चाकोऱ्या खोल गेल्यात आणि मधला उंचवटा पुढच्या क्रॉस मेंबरला (चेसिसच्या आडव्या पट्टीला) घासतो. त्यात ड्रायव्हर साइडला गाडी पुढून पाऊण इंच बसलेली दिसते, आणि रिकामी असली की एकूणच तोंड खाली मागचं वर अशी उभी असते. गॅरेजवाला म्हणतो टॉर्शन बारचे (पुढे स्प्रिंगचं काम करणाऱ्या, पीळ घेणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट आवळून दोन इंच वर घेतो, अर्ध्या तासाचं काम. करून घेऊ का? पुढे काय त्रास होतो? पावसाच्या आधी उरकायचंय.

कुडाळचो मेस्त्री
भाऊ, दोन इंच नको. आधी एक गोष्ट समजून घे, बोल्ट आवळला म्हणून बार ताकदवान होत नाही. बारचा कडकपणा तेवढाच राहतो, फक्त खालचा आर्म (चाक धरणारा हात) खाली ढकलला जातो म्हणून गाडी वर दिसते. आणि वर घेतलेली उंची फुकट मिळत नाही, ती चाकाच्या खाली जायच्या जागेतून वजा होते. मग चाक खड्ड्यात उतरलं की आर्म लगेच रबर स्टॉपरवर टेकतो आणि ठकठक वाजतो, शॉकअप पण पूर्ण ताणून राहतो, बॉलजॉइंट तिरके होतात. लोक म्हणतात सस्पेन्शन कडक झालं, कडक कसलं, त्याला खाली जायला जागाच उरली नाही.

आणि रिकाम्या पिकअपचं तोंड थोडं खाली असणारच, कंपनीने मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) लोड धरून दिलेत. पेट्या भर, मागचं बसेल आणि गाडी सपाट होईल. तू रिकामी गाडी बघून पुढचं वर घेतलंस तर भरल्यावर तोंड आभाळाकडे.

तुझं खरं दुखणं ते ड्रायव्हर साइडचं पाऊण इंच. ते का बसलं ते शोधल्याशिवाय बोल्टला हात लावू नको. टायरची हवा दोन्हीकडे सारखी कर, गाडी सपाट फरशीवर घे, थोडी पुढेमागे ढकल, पुढून दोनचार वेळा दाबून सोड आणि मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप. जमिनीपासून मापू नको, टायरची झीज त्यात येते. मग पुढच्या चाकांना उटी लाव, मागे डिफरन्शियलच्या (ॲक्सलवरच्या गोल फुगवट्याच्या) बरोबर मध्यावर जॅक लावून मागची दोन्ही चाकं जराशी उचल आणि पुढचं परत माप. फरक गेला तर दोष मागे आहे, एका बाजूचा पाटा तुटलाय किंवा बसलाय. फरक तसाच राहिला तर पुढे बघ, खालच्या आर्मचे बुश (सांध्यातली रबरं), बारचे दात आणि बोल्ट जिथे टेकतो तो अँकर. किनाऱ्यावरच्या गाड्यांना हाच भाग सगळ्यात आधी गंजतो, मासळीचं बर्फाचं खारं पाणी गळत असेल तर विचारूच नको.

परशुराम घाट रोजचा (चिपळूण)
मेस्त्रींशी सहमत, मी ड्रायव्हर म्हणून दोन गोष्टी सांगतो. पुढचं वर घेतलेली पिकअप लोड घेऊन घाटात उतरताना स्टिअरिंग हलकं लागतं, गाडी रेषा धरत नाही, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो, रात्री हायवेला ते फार वाईट. दुसरं म्हणजे उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) दोन्ही बदलतात, अर्धा इंच फिरवलंत तरी अलाइनमेंट करूनच घ्या नाहीतर नवीन टायर एका कडेने खाऊन टाकतो. आणि मागे जास्तीचा पाटा घालायचा सल्ला कोणी दिला तर जरा थांबा, बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ लोड बघून ब्रेक वाटणारा व्हॉल्व्ह असतो, मागचं वर राहिलं की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि भरलेल्या गाडीला मागचे ब्रेक कमी मिळतात.

बागेच्या रस्त्यासाठी मी तर म्हणेन चाकोऱ्यांत चिऱ्याचा चुरा आणि डबर भरा. क्रॉस मेंबरखाली जाड पत्र्याची प्लेट लावली तरी चालते, ऑईल काढायला भोक ठेवा म्हणजे झालं.

सड्यावरचा बागवाला (देवगड)
मेस्त्री, तुम्ही सांगितलं तसं मागून उचलून मापलं, फरक तसाच राहिला म्हणजे पुढचंच आहे. खालच्या आर्मचा मागचा बुश फाटलेला निघाला, रबर अर्धं बाहेर. डबर टाकायचं काम गड्यांना सांगितलंय. आता बुश बदलल्यावर जो फरक राहील तेवढाच बोल्टने काढायचा ना? बोल्ट मात्र गंजून एकजीव झालाय, गॅरेजवाला म्हणतो गॅसने तापवू.

कुडाळचो मेस्त्री
गॅस अजिबात नको!! बार आणि अँकर पाणी दिलेल्या (तापवून, थंड करून कडक केलेल्या) स्टीलचे असतात, तापवलं की पाणी उतरतं, मग तो बार बसत जातो नाहीतर एखाद दिवशी घाटात तुटतो. वायर ब्रशने आटे साफ कर, गंज सोडायचं ऑईल मार आणि रात्रभर सोड, सकाळी परत मार. पुढची दोन्ही चाकं लोंबतील अशी चेसिस घोडीवर घे, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. बार मोकळा झाला की बोल्टवरचा ताण उतरतो, तेव्हाच पाना लाव, लोडवर फिरवलास तर आटे जातील. सुरुवातीला बोल्टवर रंगाची खूण कर म्हणजे मूळ जागा कळेल. थोडं फिरव, गाडी खाली घे, ढकल, दाब, मग दोन्ही बाजू माप, कारण एक बाजू वर घेतली की दुसरीकडे पण जरा फरक पडतो. बार काढावाच लागला तर डावा उजवा बदलू नको, त्यावर खूण असते, ते एकाच दिशेने पिळायला बनवलेले असतात. आणि बुशचे बोल्ट शेवटी, चाकं जमिनीवर असताना आवळ. लोंबत्या चाकावर आवळलेस तर नवीन रबर पिळून महिन्याभरात फाटेल.