पणजोबा सबजज्ज होते : ट्रंकभर कागद आणि फोटो, सुरुवात कुठून करू?

नीलिमा_व

आमचे पणजोबा मुंबई इलाख्यात सबजज्ज, म्हणजे दुय्यम दिवाणी न्यायाधीश, होते. घरात अजून त्यांना 'मुन्सफसाहेब' म्हणतात, प्रत्यक्ष पाहिलेलं आता कुणीच उरलेलं नसलं तरी. वाडा पाडायचा ठरलाय आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक माझ्या वाट्याला आली. म्हणजे "तुला आवड आहे ना" म्हणून सगळ्यांनी ती माझ्या गळ्यात मारली.

आत लाल खारव्यात बांधलेली गाठोडी आहेत. मोडीतली पत्रं, टाइप केलेले इंग्रजी निकालांचे मसुदे, बदल्यांचे हुकूम, घरखर्चाच्या वह्या, पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो आणि एका खोक्यात थोड्या काचा. काका म्हणतात फोटो तेवढे ठेव, वह्या रद्दीत घाल. मावसभाऊ म्हणतो पत्रं एकीकडे, हुकूम एकीकडे अशा विषयवार फायली कर आणि सगळं लॅमिनेट करून टाक.

एका मोठ्या फोटोवरून तर घरात वादच आहे. पणजोबा मधल्या खुर्चीत, गळ्यात हार, दोन्ही बाजूंना पगड्या-उपरणीवाले वकील, पुढे सतरंजीवर बसलेले बेलीफ आणि पट्टेवाले. निरोप समारंभ असावा. नावांची खालची पट्टी फाटलीय. आत्या म्हणते वेंगुर्ला, काका म्हणतात बार्शी. कसं ठरवायचं?

काचपट्टी

लॅमिनेशन अजिबात नको. उष्णता आणि प्लास्टिक एकदा बसलं की परत काढता येत नाही. सेलोटेपही नको, चिकट पानांचे अल्बमही नकोत. टाचण्या आणि रबरबँड मात्र आधी काढा. टाचणी गंजते आणि तो डाग पुढच्या पाच कागदांत उतरतो.

खोक्यातल्या काचा म्हणजे बहुतेक काचेच्या निगेटिव्ह. कडेने धरा, उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. पुसायचा मोह आवरा, प्रतिमा ज्या थरात आहे तोच निघून येतो. फिल्मच्या निगेटिव्ह सापडल्या आणि व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर त्या बाकी सामानापासून लगेच वेगळ्या करा. ते खराब होणं शेजारच्या फिल्मलाही लागतं. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, दाब न देता. बॉलपेन नाही. आणि हे सगळं पावसाळ्यात उघडून बसू नका, दसऱ्यानंतरची कोरडी हवा बरी.

जुना_शिरस्तेदार

नीलिमाताई, मी दिवाणी कोर्टातून शिरस्तेदार, म्हणजे कचेरीतला वरिष्ठ कारकून, म्हणून निवृत्त झालो. फोटोंचं वर आलंच आहे, मी कागदांचं सांगतो.

गाठोडी सोडा, पण मोडू नका. विषयवार फायली करायचं ऐकायला नीटनेटकं वाटतं, पण त्यात माहिती मरते. एका बासनात जे एकत्र बांधलं गेलं ते बहुधा एका गावच्या मुक्कामातलं असतं. बदलीच्या हुकमाला लागून वाण्याचं बिल, बिलाला लागून भावाचं कार्ड, आणि त्यात एखादा फोटो निघाला तर त्याचं गाव आणि साल निम्मं कळलंच. फायली केल्या की हा शेजार गेला, तो पुन्हा जुळवता येत नाही. म्हणून प्रत्येक गाठोड्याला आकडा द्या, वरून खाली ज्या क्रमाने कागद आहेत त्याच क्रमाने मोबाइलवर टिपून घ्या. मग काय ते करा.

नंतर बदल्यांची यादी करा. सबजज्जाचं आयुष्य म्हणजे बदल्याच. चार्ज रिपोर्ट शोधा, त्यावर चार्ज दिल्या-घेतल्याची तारीख असते, मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर तेसुद्धा. ते नसतील तर मुंबई सरकारच्या गॅझेटात नेमणुका, बदल्या, रजा छापून येत. तारखा शकात असतील तर ७८ मिळवा, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९. तारीखच नसलेल्या कार्डावर छापील तिकिटाचा राजा पाहा. सहाव्या जॉर्जची तिकिटं १९३७ पासूनची, त्यामुळे तो दिसला तर कार्ड त्याआधीचं नाही. पंचम जॉर्ज दिसला तर मात्र फार ताणू नका, लोक जुनी कार्डं संपेपर्यंत वापरत.

मसुदे कंटाळवाणे वाटतील, पण रकमा बघा. १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याप्रमाणे दुय्यम वर्गाच्या सबजज्जाला ५,००० रुपयांपर्यंतचेच दावे चालवता येत, प्रथम वर्गाला मर्यादा नव्हती. मसुद्यात ८,०००-१०,००० चा दावा दिसला तर साहेब तोवर प्रथम वर्गात गेले होते असं धरायला हरकत नाही. आणि नगर, सोलापूर, पुणे, सातारा यांपैकी कुठल्या जिल्ह्यात असतील तर सावकार-कुणब्यांचे दावे बारकाईने वाचा. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ मुद्दल किती आणि व्याज किती हे उकरून काढायचा अधिकार दिला होता. न्यायमूर्ती रानड्यांनीही या कायद्याखालच्या खास न्यायाधीशाचं काम केलं होतं. मसुद्याच्या समासात पेन्सिलीने मांडलेल्या बेरजा-वजाबाक्या सापडल्या तर त्या खोडू नका. निकालाची प्रत कोर्टात असेलही, साहेबांनी डोक्यात हिशेब कसा बसवला ते फक्त तिथेच दिसेल.

एक सावधगिरी. कागदावर निशाणी क्रमांक आणि कोर्टाचा शिक्का असेल तर तो कुणाच्या तरी दाव्यातला दाखल दस्त आहे. नक्कल असेल तर 'खरी नक्कल' असा शेरा आणि नकलेच्या फीची खूण दिसेल, ती बिनधास्त ठेवा. मूळ दस्त निघाला तर जुन्या बाजारात विकायच्या भानगडीत पडू नका, वेगळा काढा आणि पुराभिलेखागाराला, म्हणजे जुने सरकारी कागद जपणाऱ्या दफ्तराला, दाखवा.

फोटोबद्दल एवढंच सांगतो : चेहरे सोडा, सतरंजीवरची माणसं बघा. पट्टेवाल्याच्या पट्ट्यावर पितळी बिल्ला असतो आणि त्यावर बहुधा कोर्टाचं नाव.

नीलिमा_व

शिरस्तेदारकाका, तो फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून मोठा केला. तिघांच्या पट्ट्यावर बिल्ले आहेत. दोघांचे उजेडाने पांढरे पडलेत. तिसऱ्यावर इंग्रजीत वरची ओळ SUB JUDGE'S COURT असावी, खालची बोटाने अर्धी झाकलीय, शेवटची अक्षरं 'नेर'. म्हणजे वेंगुर्लाही नाही आणि बार्शीही! संगमनेर की अमळनेर?

जुना_शिरस्तेदार

दोन्हीकडे सबजज्जाचं कोर्ट होतं, त्यामुळे फोटोवरून पुढे जाता येणार नाही. फोटो ज्या गाठोड्यात निघाला त्यातली घरखर्चाची वही काढा. कोळसा, दूध, आगगाडीचं भाडं हे सगळं त्यात येतं. अमळनेरला रेल्वे होती, संगमनेरला नव्हती, तिथून निघताना गाडी-बैलाचा किंवा मोटारीचा खर्च पडलेला असेल. काकांना सांगा, वह्या रद्दीत घालायचं राहू दे.

गोदाकाठ

थोडं वेगळं मत. घरखर्चाच्या वह्या, फोटो, पत्रं लोकांना दाखवा, पण दाव्यांच्या टिपणांचे फोटो इथे टाकण्याआधी दहादा विचार करा. वाटणी, पोटगी, दत्तक, सगळं नावानिशी असतं. घराणी त्याच गावात आहेत, भाऊबंदकी अजून चालू आहे. तुमच्या पणजोबांनी उघड कोर्टात ऐकलं ते ठीक, पण त्यांनी समासात स्वतःसाठी काय लिहिलं ते नातवंडांच्या व्हॉट्सॲपवर फिरायला नको. पत्रांचंही तसंच. कागद तुमच्या ट्रंकेत असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा, छापायचं झालं तर विचारावं लागतं.

जुना_शिरस्तेदार

मान्य, पूर्ण मान्य.

मोडीचं राहिलं. घरात कुणी वाचणारं नसेल तर घाई करून कुणाकडून सगळं लिप्यंतर करून घेऊ नका, पैसे जातात आणि चुका तपासता येत नाहीत. आधी प्रत्येक पत्राची वरची ओळ, सही आणि तिथी एवढंच वाचून घ्या, त्यावरून कुठली पत्रं पुरती वाचायची ते ठरेल. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं. सरकारी पुराभिलेखागार पुण्यातही आहे आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतही. खानदेशातले कागद निघाले तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ. कुठेही द्यायचं झालं तर एकेक फोटो निवडून देऊ नका, गाठोडं आहे तसं द्या, यादीसकट, आणि पोच लेखी घ्या. स्कॅनच्या प्रती दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक आत्याकडे.