ऑस्ट्रेलियन चित्रकलेचा इतिहास : बर्नार्ड स्मिथची कोणती आवृत्ती घ्यावी?

प्रश्न
टॉम रॉबर्ट्स, स्ट्रीटन, नोलन यांची चित्रं ओळखीची आहेत. पण कलेच्या इतिहासात ती नेमकी कुठे बसतात, हे सलग वाचायचं आहे. बर्नार्ड स्मिथ यांचं 'ऑस्ट्रेलियन पेंटिंग' जुन्या पुस्तकांत वेगवेगळ्या किमतींना दिसतं. कुठलीही प्रत चालेल का?

प्रतिसाद १
नाही. शीर्षकातलं शेवटचं साल बघा. १९६२ च्या पहिल्या आवृत्तीवर '१७८८–१९६०' आहे. पुढे १९७१ मध्ये ते १९७०, १९९१ मध्ये १९९० आणि २००१ मध्ये २००० झालं. सहलेखक टेरी स्मिथ यांची प्रकरणं १९९१ पासून आहेत. त्यांतलं एक वाळवंटातल्या आदिवासी चित्रकलेवर. मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या वस्तीतली आदिवासी चित्रचळवळ १९७१ ची, त्यामुळे जुन्या प्रतीत ती सापडणारच नाही. विक्रेते बऱ्याचदा नुसतं 'ऑस्ट्रेलियन पेंटिंग' एवढंच लिहितात, तेव्हा मुखपृष्ठाचा फोटो मागवूनच पैसे भरा.

प्रतिसाद २
आणखी एक. बर्नार्ड स्मिथ तटस्थ इतिहासकार नव्हते. १९५९ च्या मेलबर्नमधल्या 'अँटिपोडियन्स' प्रदर्शनाचा जाहीरनामा त्यांनीच सिद्ध केला, आणि तो अमूर्त चित्रकलेच्या विरोधात, मानवाकृतीच्या बाजूने होता. आर्थर बॉइड, ब्रॅक, ब्लॅकमन हे त्या गटातले. १९५०-६० वरची प्रकरणं वाचताना हे ध्यानात ठेवा. त्यावर उतारा म्हणून रॉबर्ट ह्यूज यांचं 'द आर्ट ऑफ ऑस्ट्रेलिया' घ्या, पण १९७० ची सुधारित आवृत्ती. तरुण माणसाचे ठाम निकाल त्यात आहेत. वाचायला फार सुंदर, पण तपशिलासाठी स्मिथच धरा.

प्रतिसाद ३
सुरुवात मात्र अँड्र्यू सेअर्स यांच्या 'ऑस्ट्रेलियन आर्ट'ने (२००१) करावी, असं माझं ठाम मत आहे. आदिवासी कला शेवटच्या प्रकरणात न ढकलता त्यांनी ती पहिल्यापासून वसाहतीच्या कलेसोबत गुंफली आहे. मग स्मिथ वाचताना काय सुटलंय ते आपोआप कळतं.

चित्रांखालची मापं चुकवू नका. रॉबर्ट्स, स्ट्रीटन वगैरेंच्या १८८९ च्या '९ बाय ५' (इंच) प्रदर्शनातली बरीच चित्रं सिगारच्या डब्यांच्या झाकणांवर, जेमतेम २३ × १३ सेंमी.ची. रॉबर्ट्सचं 'शिअरिंग द रॅम्स' जवळपास १८३ सेंमी. रुंद. छापील पानावर दोन्ही सारखीच दिसतात, आणि समीक्षक जेम्स स्मिथ त्या प्रदर्शनावर इतके का तुटून पडले ते कळत नाही. त्यांची मेलबर्नच्या 'आर्गस' दैनिकातली टीका ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह' संकेतस्थळावर फुकट वाचता येते.

प्रतिसाद १
ग्रंथालयाच्या यादीत आदिवासी चित्रकार एमिली कंग्वारे शोधताना रोमन स्पेलिंग जुनं आणि नवं, दोन्ही टाका. एकानेच शोधलं तर निम्मी पुस्तकं निसटतात.