पॉपकॉर्नमध्ये गणंग फार राहतात. काय चुकत असावे?

परात:
आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी घरीच पॉपकॉर्न करण्याची पद्धत आहे. जूनमध्ये वाण्याकडून त्यासाठीचा सुटा मका एक किलो आणला होता आणि पहिले दोन-तीन घाणे असे फुलले की कुकरचे झाकण अलगद वर उचलले गेले. (शिट्टी आणि रिंग काढून झाकण नुसते वर ठेवते, लावत नाही.) पुढे पावसाळ्यात धान्य सर्दावले असेल, त्यात पोरकिडे होतील, या विचाराने सासूबाईंच्या सांगण्यावरून ऑगस्टमधल्या उघडिपीत उरलेल्या मक्याला गच्चीवर दोन दिवस कडकडीत ऊन दाखवले. तेव्हापासून मात्र तळाशी गणंगांचा थर राहतो. मागच्या शनिवारी मुलाने शंभर दाणे मोजून टाकले, त्यांतले अडतीस फुललेच नाहीत, आणि जे फुलले तेही बारके व कडक होते. आच वाढवली तर दाणे करपतात, तेल वाढवले तर हात तेलकट होण्यापलीकडे काही साधत नाही. मका जुना झाला म्हणून टाकून द्यावा का?

कणीस:
टाकू नका. आपल्या हकिकतीत सगळ्यात मोठी चूक त्या उन्हाचीच दिसते, आणि गहू किंवा तूर असती तर तीच गोष्ट अगदी योग्य ठरली असती. पॉपकॉर्नचा मका ही मक्याची वेगळीच जात आहे. त्याचे साल जाड आणि अखंड असते, आत काचेसारखे कडक पिष्ट असते आणि त्या पिष्टात वजनाच्या साधारण 13 ते 14 टक्के पाणी मुरलेले असते. दाणा तापू लागला की या पाण्याची वाफ होऊ पाहते, पण साल तिला बाहेर पडू देत नाही, त्यामुळे आतला दाब वाढत जातो. दाण्याचे तापमान 180 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते तेव्हा तो बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट झालेला असतो. साल फाटते, मऊ झालेले पिष्ट एका क्षणात फेसासारखे फुगते आणि तसेच थिजते. आपल्या मक्यातले पाणी उन्हाने उडाले, तेव्हा आच कितीही मोठी केली तरी फुलवायला आत वाफच नाही.

उपाय सोपा आहे. तीन वाट्या मका घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत घ्या, त्यात एकच मोठा चमचा पाणी घाला आणि बरणी चांगली हलवा. दिवसातून दोन-तीनदा हलवत तीन-चार दिवस ठेवा. बरणीच्या काचेवर ओल दिसेनाशी झाली की मूठभर दाणे फुलवून पाहा. पाणी जास्त मुरले तर लाही चिवट होते, म्हणून दुसरा चमचा घालण्याची घाई करू नये.

माजघर:
वरील उत्तर वाचताना सोलापूरकडच्या आमच्या घरातल्या ज्वारीच्या लाह्या आठवल्या. नागपंचमीच्या आदल्या दिवशी आजी ज्वारी कढत पाण्यात घालून लगेच उपसत असे आणि निथळली की फडक्यात बांधून रात्रभर ठेवत असे. सकाळी लोखंडी कढई चांगली तापली की एका वेळी फक्त मूठभर ज्वारी टाकून कापडाच्या बोळ्याने भराभर फिरवायची, आणि तरीही चुलीभोवती निम्म्या लाह्या उडालेल्या असत. ज्वारी ओली कशासाठी करायची, असे आम्ही विचारले की "त्याशिवाय उलत नाही" एवढेच उत्तर मिळे. मक्यालाही असेच कढत पाणी दाखवले तर चार दिवस थांबावे लागणार नाही, असे मला वाटते.

कणीस:
मक्याच्या बाबतीत तसे करू नये. त्याचे साल जाड असल्यामुळे पाणी सावकाश मुरते. घाईने भिजवलेला दाणा वरून ओला आणि आत कोरडाच राहतो, शिवाय तापलेल्या तेलात पडला की तडतडून अंगावर उडतो.

शेगडी:
दाण्यांविषयी सांगून झाले आहे, म्हणून केवळ भांड्याविषयी लिहितो. झाकण नुसते ठेवता हे उत्तम, पण ते एका बाजूने किंचित किलकिले असावे, कारण फुलणाऱ्या दाण्यांतून निघालेली वाफ आत कोंडली की त्याच वाफेने लाह्या मऊ पडतात. जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल आणि तीनच दाणे घालून मध्यम आचेवर ठेवावे. ते तिन्ही फुटले की पातेले खाली उतरवावे, बाकीचा मका तळाला एकच थर होईल इतका घालावा आणि मनात तीस आकडे मोजून पुन्हा आचेवर चढवावे. या अर्ध्या मिनिटात सगळे दाणे सारखे तापतात आणि पुढे जवळजवळ एकदमच फुटतात, त्यामुळे आधी फुललेल्या लाह्या तळाशी करपत बसत नाहीत. दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंद जाऊ लागले की गॅस बंद करावा. शेवटच्या चार दाण्यांची वाट पाहण्याच्या लोभात अख्खा घाणा जळल्याचे मी स्वतः अनुभवले आहे. लोणी सुरुवातीला घालू नये, त्यातला दुधाचा अंश करपून कडवट वास येतो. साजूक तूप चालते, आणि चव तर त्याचीच खरी. मीठ मात्र मिक्सरमधून पिठासारखे बारीक करून लाह्या गरम असतानाच भुरभुरावे; जाडे मीठ सगळे तळाशी जाऊन बसते.

परात:
सर्वांचे मनापासून आभार. बरणीतला मका चार दिवसांनी, शेगडी यांनी सांगितलेल्या रीतीने, आज फुलवला आणि मुलाने पुन्हा शंभर दाणे मोजले. या वेळी अकरा गणंग राहिले. त्यांतले सहा-सात उजेडात धरून पाहिले, तेव्हा त्यांच्या सालीला बारीक चीर दिसली. त्या दाण्यांतली वाफ वाटेतच निसटत असणार. सासूबाईंनी दोन वाट्या लाह्या खाल्ल्या आणि उरलेला मका गच्चीवर न्यायचा नाही, हे त्यांनीच मला बजावले.