मोठा खेळाडू नसलेला माणूस मोठा प्रशिक्षक कसा होतो? रग्बी लीग आणि आपली कबड्डी

उजवा_कोपरा (ऐरोली)

सर्वांना नमस्कार. मी बारा वर्षे एका कंपनीच्या कबड्डी संघातून उजव्या कोपऱ्यावर खेळलो. जिल्ह्याच्या निवड चाचणीला चार वेळा गेलो, संघात एकदाच आलो आणि तोही राखीव म्हणून, यावरून माझी पातळी लक्षात येईल. गेल्या पावसाळ्यात गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली आणि यापुढे मॅटवर उतरायचे नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. कंपनीने मला भांडार विभागात बसवले असून संघाच्या सरावाला येण्याची आता गरज नाही, असे तोंडी कळवले आहे. त्याच आठवड्यात आमच्या गावच्या मंडळाने अठरा वर्षांखालील मुलांना शिकवायला याल का, म्हणून विचारले. मी अजून उत्तर दिलेले नाही.

प्रश्न थोडा दूरचा वाटेल. पलंगावर पडून होतो तेव्हा भाच्याने मला मोबाईलवर ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगचे सामने लावून दिले. पहिल्या दोन सामन्यांत काहीच उमगले नाही. तिसऱ्या सामन्यात मात्र दिसले की चेंडू घेऊन येणाऱ्या गड्याला दोघे छातीशी भिडतात आणि तिसरा क्षणभर थांबून, त्याचा तोल गेल्यावरच पाय धरतो. ते पाहून मी उशीला टेकलेला उठून बसलो, कारण हाच क्षणभराचा धीर मला शिकायला सहा वर्षे लागली होती. तो संघ मेलबर्न स्टॉर्म होता आणि त्याचे प्रशिक्षक क्रेग बेलॅमी खेळाडू म्हणून फार नावाजलेले नव्हते, असे समालोचक सांगत होता.

मला विचारायचे आहे ते असे, की त्या व्यावसायिक खेळात खेळाडूचा प्रशिक्षक होतो तो नेमका कोणत्या वाटेने, मधली वर्षे कशात जातात, आणि ज्याच्या नावावर मोठा पराक्रम नाही अशा माणसाचे खेळाडू ऐकतात का?

ब्रिस्बेनहून_परत (खारघर)

मी नोकरीनिमित्त काही वर्षे ब्रिस्बेनला होतो. तिथे सोमवारी कार्यालयात रग्बी लीगशिवाय दुसरा विषय नसे, त्यामुळे हा खेळ अंगवळणी पडला.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या भांडार विभागाशी तिचा संबंध आहे. हा खेळ पगाराच्या प्रश्नावरून वेगळा झाला. शनिवारची पाळी बुडवून खेळायला येणाऱ्या खाण कामगाराला आणि गिरणी कामगाराला बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, ही उत्तर इंग्लंडमधील क्लबांची मागणी रग्बीच्या मुख्य संघटनेने मान्य केली नाही. तेव्हा 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक होऊन ते क्लब बाहेर पडले. पुढे नियम बदलत गेले आणि आता तेरा जणांचा संघ, 80 मिनिटे आणि सहा पकडींत गुण मिळवता आले नाहीत तर चेंडू समोरच्याच्या हवाली, असे त्याचे रूप आहे. प्रत्येक पकडीनंतर बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागे जावे लागते. पकडलेला गडी जितका उशिरा उठेल, तितका बचावाला मागे जाऊन रांग लावायला वेळ मिळतो. तुम्ही पाहिलेली तिघांची पकड त्यासाठीच असते.

आता बेलॅमी. ते 1982 ते 1992 कॅनबरा रेडर्सकडून खेळले, जिथे जागा लागेल तिथे खेळणारा उपयोगी गडी म्हणून. त्या संघात त्यांच्या भोवती कोण होते ते पाहा. मॅल मेनिंगा कर्णधार, रिकी स्टुअर्ट आणि लॉरी डेली मधल्या फळीत. मेनिंगांच्या नेतृत्वाखाली कॅनबराने 1989, 1990 आणि 1994 ची विजेतेपदे मिळवली आणि हे चौघेही पुढे मोठे प्रशिक्षक झाले. एका क्लबातून इतके प्रशिक्षक निघाले त्याचे कारण मला असे वाटते, की टिम शीन्स हे त्यांचे प्रशिक्षक खेळाडूंशी डावपेचांची चर्चा करीत, आणि ज्याला रोज 'का' हे ऐकायला मिळते त्याला ते पुढे दुसऱ्याला सांगता येते. हा माझा तर्क आहे, पण अनेक वर्षे पाहून केलेला आहे.

या चौघांच्या वाटा मात्र सारख्या नाहीत. स्टुअर्ट यांनी मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिल्याच वर्षी, 2002 मध्ये, सिडनी रूस्टर्सला विजेतेपद मिळवून दिले. त्यानंतर दोन्ही वर्षी अंतिम सामना हरले. मेनिंगांची कथा उलटी आहे. हा माणूस 1987 आणि 1988 मध्ये डावा हात चार वेळा मोडूनही परत आला आणि ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झाला, पण 1997 ते 2001 या काळात त्याच कॅनबराचा प्रशिक्षक म्हणून त्याच्या हाती एकही विजेतेपद लागले नाही. पुढे क्वीन्सलँडच्या राज्य संघाची जबाबदारी मिळाली, तेव्हा न्यू साउथ वेल्सविरुद्धच्या मालिका त्याने 2006 ते 2013 अशा सलग आठ जिंकल्या. नववी मालिका 2014 मध्ये गमावली, ती डेली यांच्या संघाकडून. म्हणजे जुन्या सहकाऱ्यानेच ती साखळी तोडली.

बेलॅमी यांनी मात्र जिना एकेक पायरीने चढला. खेळ सुटल्यावर कॅनबरातच खालच्या स्तरावर शिकवले आणि मग 1998 पासून पाच हंगाम ब्रिस्बेन ब्रॉन्कोजमध्ये वेन बेनेट यांचे सहायक म्हणून काढले. त्या काळात ब्रिस्बेनने 1998 आणि 2000 ची विजेतेपदे मिळवली, पण छायाचित्रांत बेनेटच दिसतात. मेलबर्नला ते 2003 मध्ये गेले. तुमच्या 'मधली वर्षे कशात जातात' या प्रश्नाचे उत्तर या दहा-अकरा वर्षांत आहे.

मेलबर्नमध्ये त्यांनी कुस्ती आणि जुजुत्सू जाणणारा शिक्षक आणून पकडीचे शास्त्रच बदलले. कॅमेरॉन स्मिथ, कूपर क्रॉन्क आणि बिली स्लेटर ही पोरे त्यांच्या हाताखाली मोठी झाली. 2012, 2017 आणि 2020 ची विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. मात्र 2007 आणि 2009 ची क्लबने खेळाडूंच्या एकूण पगाराची कमाल मर्यादा मोडल्याने 2010 मध्ये काढून घेण्यात आली आणि त्या वर्षी संघ उरलेला हंगाम एकही गुण मिळणार नाही हे ठाऊक असताना खेळला. न्यू साउथ वेल्सचे प्रशिक्षक म्हणून 2008 ते 2010 या तिन्ही मालिका ते मेनिंगांकडून हरले. 2024 आणि 2025 चे अंतिम सामनेही हातून गेले. तरी माणूस अजून त्याच क्लबात आहे.

खेळाडू ऐकतात का, याविषयी एवढेच सांगतो की ज्याला स्वतःची जागा टिकवण्यासाठी दर आठवड्याला डोके चालवावे लागले, त्याच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते.

जुने_पंच (चरई, ठाणे)

वरील माहिती मनापासून आवडली, पण तिचा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याकडे लावण्यास माझी हरकत आहे. मी ठाणे जिल्ह्यात तीस वर्षे शिट्टी वाजवली आहे. बेलॅमींना जिना होता. खालचा संघ, सहायकपद, मग मुख्य पद, आणि प्रत्येक पायरीवर पगार. आपल्याकडे जिल्हा पातळीच्या खेळाडूला खेळ सुटल्यानंतर पहिली पायरीच सापडत नाही. कंपनीचा संघ म्हणजे नोकरी, मंडळ म्हणजे हौस, आणि या दोहोंच्या मध्ये सहायक प्रशिक्षक नावाची जागा फार थोड्या ठिकाणी असते. प्रो कबड्डीमुळे 2014 पासून वरच्या टोकाला ती निर्माण झाली आहे, खालच्या टोकाला नाही.

वरच्या टोकालाही नाव पुरत नाही, याचे उदाहरण आपल्यासमोरच आहे. अनुप कुमार यांनी 2016 चा विश्वचषक भारताचा कर्णधार म्हणून जिंकला. अहमदाबादला अंतिम सामन्यात इराणला 38-29 असे हरवले तेव्हा पहिल्या सत्रात आपण मागे होतो, हे मला अजून आठवते. डिसेंबर 2018 मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली आणि पुढच्याच वर्षी पुणेरी पलटणचे प्रशिक्षक झाले. त्या वर्षी संघ बाद फेरीपर्यंत पोहोचला नाही. दोष त्यांचा नव्हे. मॅट आणि प्रशिक्षकाची खुर्ची यांच्यात जो काळ जावा लागतो तो त्यांना कोणी दिलाच नाही. पुढे त्याच पलटणला 2024 मध्ये विजेतेपद मिळाले ते बी. सी. रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली, आणि रमेश यांनी त्याआधी 2019 मध्ये बंगाल वॉरियर्सला जिंकून दिले होते.

दुसरे उदाहरण नाशिकच्या शैलजा जैन यांचे. वर्षानुवर्षे त्यांनी मुलींना शिकवले, मग इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या आणि 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात भारतालाच 27-24 असे हरवले. दुसऱ्या देशातल्या मुलींना पकड समजावून सांगायची, तर आधी आपल्याला ती किती बारकाईने माहीत असली पाहिजे!

ऐरोलीकर, तुम्ही मंडळाला होकार द्यावा, पण त्यासोबत पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करता येतो का ते पाहावे. त्या कागदाशिवाय अनेक शाळा-महाविद्यालयांत उभे करीत नाहीत. आणि नियमपुस्तक पाठ करा. मुलगा पंचाशी वाद घालतो तेव्हा दहांपैकी आठ वेळा त्याच्या प्रशिक्षकालाच तो नियम माहीत नसतो.

क्रीडाशिक्षिका (कोपरी)

पंचकाकांचे म्हणणे पटते, पण मी बेलॅमींऐवजी शॉन एडवर्ड्स यांच्याकडे पाहण्यास सुचवीन, कारण उजव्या कोपऱ्याला त्यांच्यापासून जास्त घेता येईल.

एडवर्ड्स इंग्लंडमधील विगनचे. वडीलही रग्बी लीग खेळत, पण पाठीच्या दुखापतीने त्यांचा खेळ चोविसाव्या वर्षी संपला. मुलाला विगनच्या क्लबने 1983 मध्ये त्याच्या सतराव्या वाढदिवशीच करारबद्ध केले. विगनने 1988 ते 1995 सलग आठ वेळा चॅलेंज कप ही रग्बी लीगची बाद पद्धतीची मोठी स्पर्धा जिंकली, त्या सगळ्यांत ते होते. 1990 च्या अंतिम सामन्यात सुरुवातीलाच गालाचे हाड मोडले आणि तरीही ते शेवटपर्यंत खेळले. आजच्या मुलांना हे अनुकरणासाठी सांगू नये असे माझे मत आहे. मी शाळेत असे कधीच होऊ देणार नाही. त्यांचे खरे मोठेपण पुढचे आहे. खेळ सोडल्यावर 2001 मध्ये ते पंधरा जणांच्या रग्बी युनियनमध्ये, वॉस्प्स क्लबात शिकवायला गेले, म्हणजे जवळजवळ दुसऱ्याच खेळात, आणि लीगमधली रांगेने पुढे सरकून दाबण्याची बचावपद्धती त्यांनी तिथे रुजवली. 2008 मध्ये वेल्सच्या बचावाची जबाबदारी घेतली, तर त्या वर्षी सहा देशांच्या स्पर्धेतल्या पाच सामन्यांत मिळून वेल्सच्या रेषेपलीकडे चेंडू फक्त दोनदा टेकला. वेल्सने ते पाचही सामने जिंकले. 2012 आणि 2019 मध्ये पुन्हा तेच घडले आणि 2022 मध्ये फ्रान्ससोबतही.

मला यात जाणवते ते असे, की त्यांनी संपूर्ण खेळ शिकवण्याचा हट्ट धरला नाही. बचाव हा एकच विषय घेतला आणि त्यात ते सर्वांच्या पुढे गेले. तुम्हीही मंडळाला सांगा की पहिले वर्ष मी फक्त पकडी शिकवीन, चढाईसाठी दुसरा कोणी बघा.

एक प्रयोग सांगते. माझ्या मुली कोपऱ्यावरून फार लवकर झेप घेत आणि घोटा हाती येण्याआधीच चढाईपटू निसटे. मी कोपरा आणि तिच्या शेजारची मध्यरक्षक यांच्या मनगटांना एकच ओढणी सैलसर बांधली आणि तशाच उभ्या केल्या. एकीने घाई केली की दुसरीला झटका बसे. पहिल्या दिवशी दोघी सारख्या पडत होत्या. दोन आठवड्यांनी ओढणी सोडली तरी त्या एकमेकींच्या खांद्याकडे न पाहता एकत्र सरकू लागल्या. आणखी एक म्हणजे, त्यांना चढाईपटूच्या हातांकडे पाहायचे नाही, कमरेकडे पाहायचे, असे सांगितले. हात फसवतो, कंबर जिकडे वळते तिकडेच माणूस जातो.

उजवा_कोपरा (ऐरोली)

तिघांचेही आभार. काल संध्याकाळी मंडळात जाऊन होकार कळवला आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणे फक्त पकडींची जबाबदारी घेतली. चढाई शिकवायला घणसोलीचा माझा जुना सहकारी तयार झाला आहे. त्याची मला बारा वर्षे कधी नीट पकड करता आली नाही, तेव्हा तो योग्य माणूस आहे.

काल चौदा मुले होती. मॅट नाही, मातीचे मैदान आहे आणि निदान रेषा (चढाईपटूला ओलांडावीच लागते ती) चुन्याने आखलेली होती, ती अर्ध्या तासात पुसली गेली. मी गुडघ्यामुळे खुर्चीवर बसलो आणि खुर्ची मुद्दाम अंतिम रेषेच्या मागे, उजव्या कोपऱ्याच्या पाठीशी ठेवली, कारण मला सारा खेळ तिथूनच समजतो. तिथला मुलगा पंधरा वर्षांचा आहे, अंगाने किरकोळ, पण पाय जमिनीत रोवून उभा राहतो. प्रत्येक चढाईला तो घोट्यावर झेप घेई आणि प्रत्येक वेळी अर्धे पाऊल लवकर. मी त्याला सांगितले की चढाईपटूचा मागचा पाय उचलला जाईपर्यंत मनात 'एक' म्हण आणि मगच जा. सातव्या चढाईला त्याने घोटा धरला आणि मध्यरक्षक येईपर्यंत सोडला नाही. उठल्यावर त्याने आधी माझ्याकडे पाहिले. मी कोणत्या स्पर्धा खेळलो आहे हे त्याने अजून विचारलेले नाही.

पतियाळाच्या अभ्यासक्रमासाठी कंपनीकडे रजेचा अर्ज दिला आहे. पंचकाका, नियमांचे आपण म्हणालात ते खरे आहे. लॉबी, म्हणजे मैदानाच्या कडेचा पट्टा, केव्हा खेळात धरायची यावर कालच मुलांमध्ये भांडण झाले आणि मलाही दोन नियम खात्रीने सांगता आले नाहीत. शनिवारी सहा वाजता सराव आहे. आपण शिट्टी घेऊन येऊ शकाल का? ऐरोली स्थानकावर मी घ्यायला येईन.

जुने_पंच (चरई, ठाणे)

येतो. सव्वापाचच्या ठाणे-वाशी गाडीने निघेन. चुना जास्त आणून ठेवा, रेषा मी स्वतः आखीन.