नव्या रिलीजमुळे जुनी बिले बिघडू नयेत यासाठी टेस्टिंगची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न

नमस्कार. घाऊक किराणा व्यापाऱ्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका छोट्या टीममध्ये मी टेस्टर आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा नवी बिले बिनचूक निघू लागली. परंतु ऑगस्टमध्ये विकलेले तूप ऑक्टोबरमध्ये परत आले की त्याची क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम ग्राहकाच्या खात्यात जमा करणारी पावती) मूळ बिलाच्या 12 टक्क्यांऐवजी नव्या 5 टक्क्यांनी निघू लागली. 1000 रुपयांच्या मालावर 1120 ऐवजी 1050 रुपयेच जमा झाले, तर व्यापाऱ्याचा हिशेब जुळणार कसा? क्रेडिट नोटच्या कोडला कोणी हातही लावला नव्हता. प्रत्येक रिलीजआधी सर्व स्क्रीन हाताने तपासणे आम्हाला शक्य नाही आणि स्वयंचलित टेस्ट एकही नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १

कोडला हात न लावता तो बिघडला, यातच कारण दडलेले आहे. क्रेडिट नोट बहुधा वस्तूच्या मास्टरमधून, म्हणजे चालू दर साठवलेल्या मूळ यादीतून, दर उचलत असावी. दर बदलला नव्हता तोवर मास्टरमधला आणि बिलावरचा दर एकच असल्यामुळे हा दोष दिसण्याचे कारणच नव्हते. हिशेब करणारे फंक्शन संगणकाच्या घड्याळावरून तारीख घेत असेल, तर आधी ती बाहेरून देण्याची सोय करा. मग याच प्रसंगाची टेस्ट लिहा: बिल 20 ऑगस्टचे, परतावा 10 ऑक्टोबरचा, अपेक्षित कर 120 रुपये. दुरुस्तीपूर्वी ही टेस्ट नापास झालीच पाहिजे. तशी झाली नाही, तर ती भलतेच काही तपासत आहे असे समजावे. यापुढे सापडणाऱ्या प्रत्येक बगसाठी हाच क्रम ठेवा.

उत्तर २

वरील सल्ला योग्य आहे, पण तो सापडलेल्या दोषांपुरताच उपयोगी पडतो. न सापडलेल्यांसाठी मी जुन्या बिलांचाच आधार घेईन. ग्राहकांची ओळख काढून टाकून रोखीची, उधारीची, सवलतीची, परराज्यातली अशी निरनिराळी बिले निवडा, त्यांचे आजचे निकाल पडताळून फाईलमध्ये जतन करा आणि प्रत्येक नव्या बिल्डचे (चालवण्यासाठी तयार केलेल्या आवृत्तीचे) निकाल त्यांच्याशी पैशापैशापर्यंत ताडून पाहा. 33.30 रुपयांच्या तीन ओळींवर 5 टक्के कर ओळीनुसार पूर्णांकित केला तर 5.01 रुपये होतो, एकूण रकमेवर काढला तर 5.00, असा एका पैशाचा फरक स्क्रीनकडे पाहून कोणाच्याही लक्षात येत नाही. फरक आला म्हणजे चूकच झाली असे नव्हे, मात्र कारण समजल्याशिवाय जतन केलेली फाईल कोणीही बदलू नये, हा नियम कडकपणे पाळा.

उत्तर ३

सेलेनियमसारख्या, ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाने सगळ्या स्क्रीन चालवण्याच्या मोहात पडू नका. बिल करणे, छापणे आणि माल परत घेणे एवढेच मार्ग त्यात ठेवा. विनाकारण कधी पास, कधी नापास होणारी टेस्ट लगेच दुरुस्त करा किंवा काढून टाका, कारण तिच्यामुळे टीमला खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करण्याची सवय लागते.

रिलीज प्रत्येक ठिकाणी पोहोचली की नाही, हेही तपासा. 1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीचा नवा कोड आठपैकी एका सर्व्हरवर गेलाच नव्हता. जुना फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) नव्या कामासाठी वापरल्यामुळे त्या सर्व्हरवरील निकामी कोड पुन्हा चालू झाला आणि सुमारे 45 मिनिटांत कंपनीचे 40 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. तुमचे सॉफ्टवेअर दुकानांतल्या संगणकांवर बसत असेल, तर रिलीज आधी मोजक्या दुकानांत द्या आणि तेथे एक जुने बिल पुन्हा छापून, एक परतावा करून पाहिल्यावरच इतरांना द्या.