अतिकठीण पातळीवरची रेड आणि तिची लूट यांचा मेळ बसत नाही. गट टिकवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. ऑनलाइन खेळात दहा जणांच्या एका रेड गटाची (एकत्र येऊन मोठ्या शत्रूंशी लढणाऱ्या गटाची) जबाबदारी गेले सव्वा वर्ष माझ्याकडे आहे. खेळाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आले की चर्चा त्या खेळाच्या बऱ्यावाईटाकडे वळते आणि विचारलेले बाजूलाच राहते. रचना सगळ्यांच्या ओळखीची आहे. एकच रेड सोप्या, कठीण आणि अतिकठीण अशा तीन पातळ्यांवर खेळता येते, प्रत्येक बॉसची म्हणजे मोठ्या शत्रूची लूट (चिलखत, शस्त्रे) आठवड्यातून एकदाच मिळते आणि पातळी चढली की त्याच वस्तूची आयटम लेव्हल (ताकदीचा आकडा) वाढते. आम्ही आठवड्यातून दोन संध्याकाळी अडीच-अडीच तास खेळतो. सगळेजण नोकरी आणि घर सांभाळून येतात, त्यामुळे तिसरी संध्याकाळ मिळणार नाही, हे धरूनच कृपया उत्तर द्यावे.

कठीण पातळीवरचे सातही बॉस आम्ही पाच आठवड्यांत संपवले. अतिकठीण पातळीवरचे पहिले दोन पडले आणि तिसऱ्यापाशी गाडी अडली ती अडलीच. आजवर त्याच्यावर ६२ प्रयत्न झाले आहेत. गेल्या गुरुवारी त्याचे ३ टक्केच उरले होते. तिसऱ्या टप्प्यात तो तिघांच्या पायांखाली वर्तुळे टाकतो आणि त्या तिघांनी तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांत पळायचे असते. दोघे बरोबर पळाले. तिसऱ्याचा गोंधळ उडाला, तो दुसऱ्याच्याच कोपऱ्यात शिरला आणि दोघेही गेले. हीलरकडे (इतरांना बरे करणाऱ्याकडे) मोठा कूलडाउन (एकदा वापरला की बराच वेळ परत न मिळणारा उपाय) शिल्लक नव्हता, कारण दुसऱ्या टप्प्यात घाबरून त्याने तो आधीच वापरून टाकला होता. वाइप झाल्यावर, म्हणजे सगळा गट मेल्यावर, व्हॉइस चॅटवर बराच वेळ कोणी बोलले नाही, कोणाच्या तरी कीबोर्डची खडखड तेवढी ऐकू येत होती. रविवारी आठच जण आले.

न आलेल्या दोघांपैकी एकाने मला सरळ विचारले, “याच लेव्हलचं चिलखत पाच जणांच्या डन्जनमधून अर्ध्या तासात मिळतंय, मग तीन आठवडे एकाच बॉससमोर मरायचं कशाला?” डन्जन म्हणजे छोटी मोहीम. मला उत्तर देता आले नाही, कारण हिशेब म्हणून त्याचे बरोबरच आहे. त्यातच लूट वाटण्यावरून कुरबुर आहे. आम्ही फाशावर सोडतो, आणि सलग चार आठवडे हजर राहिलेल्या टँकला (शत्रूचा मार स्वतःवर झेलणाऱ्या खेळाडूला) एकही वस्तू मिळाली नाही, तर बदली म्हणून एकदाच आलेला खेळाडू शस्त्र घेऊन गेला.

माझा मुख्य प्रश्न असा, की आम्हाला अडवणारी गोष्ट खरोखर गियरची (चिलखत-शस्त्रांची) कमतरता आहे की खेळातल्या चुका, हे खात्रीने कसे ओळखावे? कारण गियर कमी असेल तर कठीण पातळी आणखी दोन-तीन आठवडे फिरवणे शहाणपणाचे ठरेल, आणि चुका असतील तर तो निव्वळ वेळेचा अपव्यय होईल. दुसरे म्हणजे, ज्या लुटीसाठी लोक येतात ती बाहेर सहज मिळत असताना गटप्रमुखाने त्यांच्यापुढे नेमके काय ठेवावे?

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या लॉगमध्ये (लढाईच्या नोंदींत) आहे, आणि ते शोधायला फार तर एक तास लागेल. प्रत्येक प्रयत्नात पहिला मृत्यू कोणत्या क्षणी झाला, एवढीच नोंद काढा. शेवटचे चार मृत्यू पाहू नका, ते पहिल्याचे परिणाम असतात. सगळे जिवंत असताना वेळ संपून बॉसचा एन्रेज होत असेल (तो चवताळून सगळ्यांना मारत असेल), तर डॅमेज म्हणजे तुमचा मारा कमी पडतो आहे आणि गियरने फरक पडेल. एन्रेजच्या बऱ्याच आधी दोघे-तिघे जमिनीवर असतील, तर नवे चिलखत घालूनही ते तिथेच मरतील.

तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता वाटते. ज्याच्या पायाखाली वर्तुळ येते त्यानेच ऐन वेळी कोपरा निवडायचा, ही रचनाच चुकीची आहे. लढाई सुरू होण्यापूर्वी जमिनीवर तीन खुणा करा आणि टँक-हीलर नेहमी पहिल्या खुणेवर, जवळून लढणारे दुसऱ्या, लांबून लढणारे तिसऱ्या, असा क्रम ठरवून टाका. एकाच प्रकारच्या दोघांना वर्तुळ आले तर कोण हलणार, हेही आधीच ठरवा.

एक मात्र लक्षात घ्या, की रेडमध्ये बक्षीस आणि काठिण्य या दोन वेगळ्या गोष्टी नसतातच. मिळालेली वस्तू पुढच्या आठवड्यात तीच लढाई सोपी करते, म्हणून तुम्ही फक्त खेळत राहिलात तरी भिंत हळूहळू खचते. निर्मातेही हे जाणूनबुजून करतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या आइसक्राउन सिटाडेलमध्ये २०१० साली खेळाडूंची ताकद ५ टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने ३० टक्क्यांपर्यंत वाढवत नेली होती, आणि ज्यांना ती मदत नको त्यांना ती बंद करण्याची सोय होती. उलट, त्याच खेळातला क्थून हा बॉस २००६ मध्ये दुरुस्ती होईपर्यंत कोणालाच पडत नव्हता. तसा प्रसंग विरळा. बहुतेक वेळा दोष आपल्या कोपऱ्यांचाच असतो.

प्रतिसाद २

लूटवाटपाबद्दल लिहितो, कारण गट फुटतात ते बॉसमुळे कमी आणि फाशामुळे जास्त, असे मी अनेकदा पाहिले आहे. फासा न्याय्य असतो, पण तो लांब पल्ल्याच्या हिशेबात. आणि दहा जणांच्या गटाला तो लांब पल्ला कधी लाभतच नाही.

१९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट हा ऑनलाइन खेळ सुरू झाला आणि त्याच्या मोठ्या गिल्डांनी (खेळाडूंच्या कायम गटांनी) यावर ड्रॅगन किल पॉइंट्स ही पद्धत काढली. हजेरीचे गुण जमवायचे आणि वस्तू आली की ते खर्च करायचे. हजर राहणाऱ्याला किंमत मिळते, हा तिचा गुण. परंतु जुने लोक गुण साठवून बसतात आणि नव्याला वर्षभर हात चोळत बसावे लागते, हा तितकाच मोठा दोष. दहा जणांना एवढा जमाखर्च हवा कशाला? साधा नियम करा, की मागच्या चार आठवड्यांत ज्याला मोठी वस्तू मिळालेली नाही त्याचा हक्क पहिला, आणि बदली खेळाडूला बाकी कोणी नको म्हटले तरच मिळेल. नियम लिहून सगळ्यांना दिसेल असा ठेवा आणि बदलीला येण्याआधीच सांगा.

खेळाकडूनच काही सोय असेल तर ती पाहा. फायनल फँटसी फोर्टीनच्या सॅव्हेज (कठीण पातळीच्या) रेडमध्ये बॉस पडला की त्या आठवड्याचे एक पुस्तक प्रत्येकाला मिळते आणि ठरावीक पुस्तके साठली की हवी ती वस्तू बदलून घेता येते. नशीब कितीही फुटके असले तरी काही आठवड्यांनी वस्तू हातात पडते. तुमच्या खेळात असे टोकन असेल आणि तुम्ही त्याचा हिशेबच धरत नसाल, तर टँकची समजूत अर्धी तिथेच निघेल.

प्रतिसाद ३

वरच्या दोघांशी माझे थोडे जमत नाही. डन्जनमधून तेच चिलखत मिळते म्हणणाऱ्याला लुटीने परत आणता येणार नाही, कारण त्या बाजारात तुम्ही कायम महागच ठरणार. त्याला ती लढाई पाडायची आहे का, एवढेच विचारा. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये २०१७ पासून असलेल्या अल्टिमेट लढायांचे शस्त्र लोक मिरवतात ते त्याच्या रूपासाठी आणि सोबतच्या उपाधीसाठी. ताकदीच्या हिशेबाने ते महिनोन्‌महिने मरण्याच्या लायकीचे नाही. तरीही लोक मरतात. गिल्ड वॉर्स टूमध्ये २०१५ साली दहा जणांच्या रेड आल्या, त्यांतून पुढे लेजंडरी चिलखत मिळू लागले, पण त्याचे आकडे आधीच्या असेंडेड चिलखताइतकेच होते. ज्याला यातले काहीच नको आहे तो डन्जनमध्ये सुखी आहे, त्याला तिथे राहू द्या.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. लॉग काढायला एक तास नव्हे, पूर्ण रविवार सकाळ गेली. ६२ पैकी ४४ प्रयत्नांत पहिला मृत्यू दुसऱ्या टप्प्यातून तिसऱ्यात जाताना झाला आहे आणि एन्रेजपर्यंत आम्ही फक्त दोनदा पोहोचलो. म्हणजे गियरचा मुद्दा बाजूला पडला, आणि कठीण पातळी परत फिरवण्याचा बेतही रद्द केला. मला अनपेक्षित वाटली ती गोष्ट वेगळीच: त्या ४४ पैकी १९ वेळा पहिला मृत्यू माझाच आहे. बोलता बोलता मी पळायला उशीर करतो, हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि गटप्रमुखाला सांगणार तरी कोण. आता त्या टप्प्यातल्या सूचना एका हीलरकडे सोपवल्या आहेत.

खुणा आणि क्रम ठरवून रविवारी संध्याकाळी नऊ प्रयत्न केले. बॉस पडला नाही, पण सहा वेळा तिसऱ्या टप्प्यात दहाही जण जिवंत पोहोचले. दहावा अर्थात बदली होता. वाटपाचा नियम लिहून लावला आहे आणि टँकने त्यावर फक्त “बरं” एवढेच म्हटले, त्याचा अर्थ मी अजून लावतो आहे.

न आलेल्यांपैकी एकजण परतला. दुसऱ्याला प्रतिसाद ३ मधला प्रश्न जसाच्या तसा विचारला, तेव्हा त्याने प्रामाणिकपणे नाही म्हटले, आणि आमचे बोलणे चांगल्या शब्दांत संपले. त्यामुळे आता प्रश्न उरला आहे तो असा: बदली खेळाडू चांगला आहे आणि त्याला कायम यायचे आहे, पण शस्त्र घेऊन गेला तो हाच. त्याला घेण्यापूर्वी टँकशी स्वतंत्र बोलावे, की सगळ्या गटासमोर विषय काढावा? असा प्रसंग कोणी हाताळला असल्यास कृपया लिहावे. पुढची रेड गुरुवारी आहे.