शुद्ध अरबी घोडा नसेल तर लांब पल्ल्याच्या स्पर्धेचं नाव काढू नका म्हणे!

खोगीरभरती:
काल इथे एका सदस्यानं नवख्यांना सल्ला दिला, "लांब पल्ल्याच्या स्पर्धेत उतरायचं तर शुद्ध अरबीच घ्या, दोन जातींच्या मिसळ जनावरावर पैसे घालवू नका." त्यावर भराभर अंगठे आले. म्हणून लिहायला बसलो.

अरबी या खेळाचा राजा आहे, हे मीही मानतो. कॅलिफोर्नियातली टेव्हिस स्पर्धा १९५५ पासून चालते. चोवीस तासांत डोंगरातले १६० किलोमीटर कापायचे, आणि तिथे जिंकणारे बहुतेक अरबी. कातडी पातळ, अंग आटोपशीर. पातेल्यातला भात निवायला वेळ लागतो, वाटीतला लगेच निवतो, तसंच हे. पण आपल्या बाजारात "शुद्ध अरबी" म्हणून गळ्यात मारतात ते काय असतं? वंशावळीचा कागद मागितला की व्यापारी अरबीची खूण म्हणून उभारलेली शेपटी दाखवतो.

माझ्या घोडीची आई काठियावाडी, बाप अरबी. कान काठियावाडीसारखे आत वळलेत, पण टोकं भेटता भेटता राहिलीत. "ना इकडची ना तिकडची" म्हणून मला स्वस्तात मिळाली. गेल्या हिवाळ्यात ६० किलोमीटरला दुसऱ्या टप्प्यानंतर दहा मिनिटांत तिचे हृदयाचे ठोके मिनिटाला ६४ च्या खाली आले. शेजारी कागदवाला अरबी पशुवैद्यासमोर नाचत होता. मुदतीची पंधरा मिनिटं संपली, त्याचे ठोके काही उतरले नाहीत. बाद.

पागावाला_पेठेतला:
सल्ला माझाच होता, नाव घ्यायला लाजू नका. एका घोडीवरून नियम होत नाही. मिसळ म्हणजे सोरट. मी रेसमधून निवृत्त झालेली घोडी घेतली, अरबीला दाखवली. म्हटलं, आईचा वेग आणि बापाचा दम येईल. आलं काय? आईचे पातळ तळव्यांचे खूर आणि बापाचा ताठा! तो घोडा वीस किलोमीटरला लंगडतो. वरातीला द्यावा तर बँड वाजला की उधळतो. आठ वर्षं झाली, दारात उभा राहून गवत खातोय.

तापीकाठ:
तुम्ही ठोक्यांवर भांडताय. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या घोडेबाजारात ठोके विचारणारं एक गिऱ्हाईक दाखवा. देवमण, म्हणजे गळ्यावरचा शुभ भोवरा, आहे का, पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं, आहे का, उंची किती, नाचतो का, एवढंच विचारतात. माझ्या एका शिंगराचा भोवरा जरा बाजूला निघाला, तर निम्म्या किमतीत मागितला. पाय लोखंडाचे होते हो त्याचे. शिंगरं कुणासाठी काढायची मग?

भीमाकाठी:
'मिसळ' ही शिवी कधीपासून झाली? आमचं भीमथडी तट्टू काय आकाशातून पडलं? अरबी आणि तुर्की रक्त इथल्या तट्टांत मिसळून ते घडलं, आणि आता कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद झाली. शाग्या अरबी ही जातच बघा. हंगेरीतल्या बाबोल्नाच्या सरकारी पागेत १८३६ ला आणलेला एक घोडा स्थानिक घोड्यांवर सोडला, त्यातून ती जात झाली. पिढ्यान् पिढ्या निवड केली की कालची मिसळ आज शुद्ध.

पागावाला_पेठेतला:
पिढ्यान् पिढ्या! तेच म्हणतोय मी. आणि तुम्ही पहिल्याच पिढीवर पैज लावता. असो. खोगीरभाऊ, गेल्या हिवाळ्यात मीही तिथेच होतो. तापलेल्या घोडीवर तुम्ही बादल्याच्या बादल्या गार पाणी ओतत होतात. अशानं जनावर जखडतं. आमच्या आजोबांचा टांग्याचा घोडा दमून आल्यावर पाणी प्यायला आणि त्याच रात्री पोटशूळानं गेला.

खोगीरभरती:
अहो, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधी याच्यावर रीतसर प्रयोग झाले. उकाड्यात तापलेल्या घोड्यांवर गार पाणी ओतलं. कुणी जखडलं नाही, उलट लवकर निवले. तीस वर्षं होत आली, आपण अजून ओलं फडकं फिरवत बसतो.

पागावाला_पेठेतला:
अटलांटात टांगे नव्हते.

भीमाकाठी:
आजोबांनी त्या दिवशी वैरण काय घातली, किती पळवलं, ते कुणी लिहून ठेवलंय का? मेला घोडा की पाण्याच्या नावावर खपवायचा.

पागावाला_पेठेतला:
आजोबांवर जायचं नाही. चाळीस वर्षं त्यांनी घोडे सांभाळले. तुम्ही किती सांभाळलेत?

टाप_आणि_टाके:
पशुवैद्य आहे, दोघांनाही बोलते. काका, ओतू द्या पाणी. आणि पिऊही द्या. घोड्याच्या घामात मीठ इतकं जातं की रक्त घट्ट होत नाही, मग तहान लागल्याचा निरोपच मेंदूला पोचत नाही. उन्हात तासाला दहा-पंधरा लिटर घाम जातो, तरी बादलीकडे बघत नाही. लोक समजतात, काटक आहे. काटक नाही, कोरडा पडलाय.

खोगीरभरती, तुम्हीही फार फुगू नका. घोडी विकत घेताना तुम्ही ठोके मोजले होते का? मोजा, तीस-चाळीस मीटर दुडकत नेऊन परत आणा, निघाल्यापासून मिनिटभरानं पुन्हा मोजा. पहिल्याइतके किंवा कमी आले तर ठीक. चढले तर दमलाय, नाहीतर कुठेतरी दुखतंय. पायाची नळी आणि खूर बघा. परक्या गावात ओळखीची बादली नसताना पाणी पितो का बघा. मी बाद केलेले कितीतरी घोडे दमानं नाही, पायानं गेलेत. त्यात कागदवालेही होते, बिनकागदवालेही.

खोगीरभरती:
नाही मोजले. कान आवडले म्हणून घेतली.

तापीकाठ:
आणि मला हसत होतात भोवऱ्यावरून.

पागावाला_पेठेतला:
हा हा. कानावरून! बरं, पाण्याचं डॉक्टरताई म्हणतात म्हणून मान्य. पहिल्या पिढीच्या मिसळीचं नाही. येत्या रविवारी सहाला कालव्याच्या रस्त्यावर तुमची घोडी आणा, मी माझी अरबी आणतो. वीस किलोमीटर, शर्यत नाही. नंतर ठोके. स्टेथोस्कोप माझा.

खोगीरभरती:
येतो. स्टेथोस्कोप डॉक्टरताईंचा.

पागावाला_पेठेतला:
चालेल. बादल्या तुमच्या.